परदेशी पत्त्यावरचे समन्स

पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात एक स्त्री पोटगीचा अर्ज दाखल करते. नवरा न्यू जर्सीत नोकरीला आहे. अर्जाला नंबर पडतो, समन्स निघते आणि प्रकरण तिथेच अडते. हाच नवरा नाशिकला असता तर पुण्याचे समन्स नाशिकच्या न्यायालयाकडे गेले असते. तिथल्या बेलिफाने ते त्याच्या हाती दिले असते, त्याने नाकारले असते तर दारावर डकवून तसा अहवाल लिहिला असता. न्यू जर्सीच्या दाराशी मात्र पुण्याचा बेलिफ उभा राहू शकत नाही. रोजनाम्यात ‘समन्स बजावून आले नाही’ असा शेरा पडत जातो आणि तारखेमागून तारीख लागते.

या अडचणीवर तोडगा आहे आणि तो भारतात २००७ पासून लागू आहे. तो नीट माहीत नसल्यामुळे किती प्रकरणे रखडतात, हे न्यायालयाच्या व्हरांड्यात थोडा वेळ बसले तरी कळते.

बेलिफ सरहद्दीवर का थांबतो

समन्स म्हणजे नुसते पत्र नव्हे. तो न्यायालयाचा, म्हणजे राज्यसत्तेचा हुकूम असतो. एका देशाचा हुकूम दुसऱ्या देशाच्या भूमीवर त्या देशाच्या संमतीशिवाय चालत नाही. ही संमती किती ताणून धरायची, याबाबत मात्र देशादेशांत फरक आहे. अमेरिकेत समन्स पोचवणे हे वादीचे काम समजले जाते. पैसे घेऊन कागद हातात देणारे खासगी लोक तिथे सर्रास आहेत. जर्मनी, स्वित्झर्लंड, जपान अशा देशांत बजावणी हे सरकारी काम आहे. स्वित्झर्लंडच्या दंडसंहितेचे कलम २७१ तर स्पष्टच सांगते की, परक्या राज्यासाठी सरकारी स्वरूपाचे काम आमच्या भूमीवर परवानगीविना केले तर तो गुन्हा आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे. झुरिकमधल्या मित्राला ‘जरा एवढी नोटीस त्याच्या घरी देऊन ये’ असे सांगणारा माणूस आपल्या मित्राला भलत्याच संकटात टाकू शकतो.

करारापूर्वीची स्थिती

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे कागद राजनैतिक वाटेने जात. न्यायालयाकडून मंत्रालयाकडे, तिथून वकिलातीकडे, मग समोरच्या देशाच्या परराष्ट्र खात्याकडे आणि शेवटी स्थानिक न्यायालयाकडे. १९०५ आणि १९५४ च्या हेग करारांनी या कामाला काही शिस्त आणली, पण वाट लांबच राहिली.

खरा अन्याय वेगळ्या जागी होत होता. फ्रान्समध्ये आणि त्याच्या धर्तीवर चालणाऱ्या काही देशांत प्रतिवादी परदेशात असेल तर कागद तिथल्याच सरकारी अभियोक्त्याच्या कार्यालयात जमा केले की बजावणी पूर्ण झाली असे धरत. उत्तर देण्याची मुदत त्याच दिवसापासून धावू लागे. कागद पुढे परराष्ट्र खात्यामार्फत प्रतिवादीच्या देशात जात, पण ते पोचेपर्यंत मुदत संपलेली असे. कधी कधी निकालही लागलेला असे. आपल्यावर दावा झाला आहे हे माणसाला वसुली दाराशी आल्यावर कळे. नवा करार करताना डोळ्यासमोर प्रामुख्याने हीच प्रथा होती.

१९६५ चा हेग करार

दिवाणी आणि व्यापारी प्रकरणांतले न्यायालयीन व न्यायालयाबाहेरचे दस्तऐवज परदेशात बजावण्याचा करार हेग येथे १५ नोव्हेंबर १९६५ रोजी झाला आणि १० फेब्रुवारी १९६९ पासून अमलात आला. आज ऐंशीहून अधिक देश त्यात आहेत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, जपान, चीन, सिंगापूर ही आपल्याकडच्या लोकांची नेहमीची ठिकाणे त्यात येतात.

कराराची मुख्य कल्पना साधी आहे. प्रत्येक देशाने एक मध्यवर्ती प्राधिकरण नेमायचे. परदेशातून आलेली विनंती त्याने स्वीकारायची, आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे कागद बजावायचे आणि काय झाले त्याचे प्रमाणपत्र परत पाठवायचे. प्रमाणपत्रात कागद कुठे, केव्हा, कोणत्या रीतीने आणि कोणाच्या हाती दिले हे लिहायचे असते. बजावणी झाली नसेल तर का झाली नाही, हेही लिहावे लागते. विनंती, प्रमाणपत्र आणि कागदपत्रांचा गोषवारा यांचे ठरीव नमुने कराराला जोडलेले आहेत.

नकाराला फारशी जागा नाही. विनंती नमुन्याबरहुकूम नसेल तर प्राधिकरण तसे कळवू शकते. ती नियमात बसत असेल, तर बजावणीमुळे आपल्या सार्वभौमत्वाला किंवा सुरक्षिततेला बाधा येईल, या एकाच कारणावर ती नाकारता येते. दाव्याचा विषय आम्हाला पटत नाही किंवा असा दावा आमच्याकडे चालत नाही, एवढ्यावर नाही म्हणता येत नाही.

दोन मर्यादा ध्यानात ठेवायला हव्यात. प्रतिवादीचा पत्ताच माहीत नसेल तर करार लागू होत नाही. आणि फौजदारी प्रकरणे त्यात येत नाहीत.

भारताच्या अटी

भारत या करारात २३ नोव्हेंबर २००६ रोजी सामील झाला आणि १ ऑगस्ट २००७ पासून तो आपल्याला लागू झाला. आपले मध्यवर्ती प्राधिकरण म्हणजे दिल्लीतल्या कायदा व न्याय मंत्रालयाचा विधी कार्य विभाग. सामील होताना भारताने काही गोष्टी बजावून सांगितल्या. येणारे कागद इंग्रजीत हवेत किंवा सोबत इंग्रजी अनुवाद हवा. परदेशी वकिलातीने भारतात थेट बजावणी करायची असेल तर ती फक्त त्या परदेशाच्याच नागरिकावर. आणि कराराच्या दहाव्या कलमातल्या वाटा, म्हणजे थेट टपालाने किंवा थेट न्यायालयीन अधिकाऱ्यांमार्फत होणारी बजावणी, भारताला मान्य नाहीत.

म्हणून टेक्सासच्या वकिलाने कुरिअरने पाठवलेले समन्स कोल्हापुरात सही करून घेतले गेले, तरी कराराच्या दृष्टीने ती रीतसर बजावणी ठरत नाही. मोठमोठ्या संस्थांनाही हीच वाट धरावी लागते. अमेरिकेच्या रोखे आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये गौतम अदाणी आणि सागर अदाणी यांच्यावर न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दिवाणी दावा लावला. त्यातले आरोप अदाणी समूहाने फेटाळले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने त्या न्यायालयाला कळवले की, समन्स बजावण्यासाठी हेग कराराखाली भारताच्या कायदा मंत्रालयाची मदत मागितली आहे.

इंग्रजीची अट मला अपुरी वाटते. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. परदेशातून आलेला इंग्रजी दावा साताऱ्याच्या खेड्यातल्या सुनेच्या हाती पडतो, तेव्हा ती सही करते, प्रमाणपत्र भरले जाते, कागदोपत्री सगळे नीट होते. त्या शंभर पानांत आपल्या मुलाच्या ताब्याबद्दल काय मागितले आहे आणि उत्तराची मुदत किती आहे, हे तिला कोणी सांगत नाही. दोन पानांचा मराठी गोषवारा सोबत लावण्याची सोय आपण आपल्या पातळीवर करायला हरकत नसावी.

आपल्या न्यायालयातून बाहेर कागद पाठवताना

आधी एक गोष्ट तपासावी: प्रतिवादीचा भारतात कोणी मुखत्यार आहे का? परदेशी राहणारे अनेकजण फ्लॅट विकायला किंवा सातबाऱ्याची कामे बघायला भावाला, वडिलांना कुलमुखत्यारपत्र देऊन ठेवतात. त्या पत्रात न्यायालयाचे समन्स स्वीकारण्याचा अधिकार दिलेला असेल, तर बजावणी इथेच होऊ शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशातला पंचविसावा नियम परदेशी बजावणीकडे वळतो, तो असा मुखत्यार नसेल तेव्हाच. कंपन्यांच्या बाबतीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये फोक्सवागनच्या प्रकरणात याच जातीचा विचार केला. जर्मन कंपनीच्या अमेरिकेतल्या उपकंपनीवर तिथल्या कायद्याने बजावणी पूर्ण होत असेल, तर कागद सरहद्द ओलांडतच नाहीत, मग हेग कराराचा प्रश्नही येत नाही, असे ते म्हणाले.

मुखत्यार नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून कागद हेगच्या नमुन्यात तयार करावे लागतात. दावा, समन्स आणि जोडपत्रे यांच्या दोन प्रती, नमुना भरून, न्यायालयाच्या सही-शिक्क्यासह. मराठीतला दावा अमेरिकेला इंग्रजी अनुवादासह पाठवायचा. जर्मनीत रीतसर बजावणीसाठी जर्मन अनुवाद लागतो, चीनसाठी चिनी. हा खर्च वादीने धरून ठेवावा. बजावणी करून देणाऱ्या देशाला करारान्वये आपल्या सेवेचे शुल्क मागता येत नाही, पण ज्या माणसाला नेमून काम करून घेतले त्याचा खर्च मागता येतो. अमेरिकेने हे काम खासगी संस्थेकडे दिले आहे आणि तिची फी विनंतीसोबतच भरावी लागते. ब्रिटनमध्ये विनंती लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमधल्या परदेशी बजावणी विभागाकडे जाते.

सगळ्यांत जास्त प्रकरणे अडतात ती दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर. पहिली पत्ता. ‘एडिसन, न्यू जर्सी, अमेरिका’ हा पत्ता नव्हे. घराचा क्रमांक, अपार्टमेंट, रस्ता, झिप कोड आणि पासपोर्टवर आहे तसे पूर्ण नाव लागते. नुसती टपालपेटी दिली तर हाती बजावणी कोणाच्या करायची? घर बदलले असेल तर नोकरीच्या ठिकाणचा पत्ता जोडावा.

दुसरी गोष्ट तारीख. आपल्या सवयीप्रमाणे पुढची तारीख महिन्या-दीड महिन्याची पडते. कागद दिल्लीहून परदेशात जाऊन तिथल्या माणसाच्या हाती पडायला अनेक महिने लागतात. मग उलटून गेलेल्या तारखेचे समन्स परदेशात पोचते, किंवा तिथले प्राधिकरण ते निरुपयोगी म्हणून परत पाठवते, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. वकिलाने अर्ज देतानाच कारण सांगून लांबची तारीख मागून घ्यावी. नियमांच्या एखाद्या पुस्तकात हे ठळकपणे सापडणार नाही, पण याने एका पक्षकाराचे वर्ष वाचते.

टपालाने किंवा ई-मेलने थेट पाठवता येत नाही का? पंचविसाव्या नियमात टपाल, कुरिअर, फॅक्स, ई-मेल यांचा उल्लेख आहे. हेग करार आल्यावर ही वाट बंद झाली का, यावर केरळ उच्च न्यायालयात मतभेद झाले. २०१८ मध्ये एका न्यायमूर्तींनी फक्त मध्यवर्ती प्राधिकरणाचीच वाट धरावी लागेल असे म्हटले. पुढे त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने ते मत बाजूला सारले. समोरच्या देशाने टपालाला हरकत घेतली आहे की नाही, हे पाहावे असा त्याचा रोख आहे. अमेरिकेची अशी हरकत नाही. जर्मनीची आहे, आणि जपाननेही २०१८ मध्ये घेतली. माझ्या मते महत्त्वाच्या दाव्यात दोन्ही वाटा एकदम धराव्यात: प्राधिकरणामार्फत विनंतीही पाठवावी आणि जिथे मुभा आहे तिथे टपाल व ई-मेलही. पुढे वसुलीसाठी तोच हुकूमनामा परदेशी न्यायालयासमोर न्यायचा झाला, तर तिथे पहिला प्रश्न बजावणीचाच विचारला जातो.

सहा महिने उलटल्यावर

प्रमाणपत्र आलेच नाही तर? करार इथे दोन्ही पक्षांची बाजू सांभाळतो. सर्वसाधारण नियम असा की, कागद योग्य रीतीने आणि उत्तर देता येईल इतक्या आधी पोचल्याचे दिसल्याशिवाय न्यायालयाने एकतर्फी निकाल देऊ नये. पण पंधराव्या कलमात एक सवलत आहे आणि भारताने ती घेतली आहे. कराराने सांगितलेल्या वाटेने कागद पाठवले, पाठवल्यापासून न्यायालयाला त्या प्रकरणात पुरेशी वाटेल इतकी, पण किमान सहा महिन्यांची मुदत गेली, आणि वाजवी ते सर्व प्रयत्न करूनही कोणतेच प्रमाणपत्र मिळाले नाही, तर न्यायालय पुढे जाऊ शकते. तातडीचा अंतरिम हुकूम द्यायला तर एवढीही वाट पाहावी लागत नाही. मुलाला देशाबाहेर नेण्यास मनाई किंवा मालमत्ता विकण्यास मनाई असे हुकूम त्यात येतात.

त्यासाठी पाठपुराव्याचा पुरावा हवा. कागद पाठवल्याचे पत्र, त्यानंतरची स्मरणपत्रे, आलेली उत्तरे यांची फाइल वादीनेच ठेवावी. ज्याच्याकडे अशी फाइल असते त्याला सहा महिन्यांनी न्यायालयात काही म्हणता येते.

उलट बाजूने, आपला दोष नसताना ज्याला वेळेत कळलेच नाही अशा प्रतिवादीला मुदत उलटून गेल्यावरही अपिलाची दाद मागता येते. भारताने सांगितले आहे की, निकालापासून एक वर्षानंतर असा अर्ज घेतला जाणार नाही.

आखातातली वाट वेगळी

रत्नागिरी, रायगडच्या अनेक घरांतली माणसे दुबई, शारजा, अबू धाबीत आहेत. संयुक्त अरब अमिरात हेगच्या या करारात नाही. तिथे १९९९ मध्ये भारताशी झालेला दिवाणी व व्यापारी प्रकरणांतल्या न्यायिक सहकार्याचा द्विपक्षीय करार चालतो. म्हणून दुबईच्या पत्त्यासाठी हेगचा नमुना भरून पाठवण्याआधी त्या देशाशी कोणता करार आहे, हे पाहणे ही पहिली पायरी. ती चुकली तर कागद महिनोन्‌महिने फिरून परत येतात.

ई-मेल, फेसबुक आणि निळ्या खुणा

२०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयासमोर एक उद्‌बोधक प्रकरण आले. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असे फोन करून अमेरिकी ग्राहकांना फसवल्याच्या आरोपावरून तिथल्या व्यापार आयोगाने पीसीकेअर२४७ नावाच्या कंपनीवर आणि भारतातल्या लोकांवर दावा लावला होता. भारताच्या मध्यवर्ती प्राधिकरणाकडे कागद पाठवून कित्येक महिने झाले होते, बजावणी झाल्याचे काही कळत नव्हते. समन्स आणि मूळ दावा प्रतिवादींपर्यंत इतर मार्गांनी पोचलेला होता. पुढचे कागद ई-मेलने आणि जोडीला फेसबुकवरून पाठवण्यास न्यायाधीशांनी परवानगी दिली. भारताची हरकत टपालाला आहे, ई-मेलला आणि फेसबुकला नाही, असे त्यांनी धरले. याबाबत अमेरिकेतल्या सगळ्याच न्यायालयांचे एकमत नाही.

आपल्याकडेही २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली नोटीस मान्य केली. ती नुसती पोचलीच नव्हे, तर उघडून पाहिली गेली, हे निळ्या खुणांवरून दिसत होते. ते प्रकरण देशातल्या देशात होते. तरी त्यातला विचार मला योग्य वाटतो, कारण ज्याच्यावर दावा आहे त्याने तो खरोखर पाहिला का, एवढाच प्रश्न त्यात विचारला गेला. कुलूपबंद घराच्या दारावर डकवलेल्या कागदापेक्षा रोज वापरात असलेल्या ई-मेलवर गेलेला दावा माणसाला अधिक नक्की कळतो.

परदेशी समन्स आपल्या दारी आले तर

रीतसर वाटेने आलेले समन्स दिल्लीहून जिल्हा न्यायालयात आणि तिथून बेलिफाकडे येते. ते घेऊन सही केली म्हणजे दावा मान्य केला असे होत नाही. नाकारून काही साधतही नाही, बेलिफ तसा अहवाल लिहितो आणि मुदत सुरू होते. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत उत्तराला साधारणपणे २१ दिवस असतात.

कधी टपालाने किंवा ई-मेलने अमेरिकी वकिलाचे वेगळेच पत्र येते: रीतसर बजावणीचा आग्रह सोडा, सोबतच्या फॉर्मवर सही करा. हे समन्स नव्हे, विनंती आहे. परदेशातल्या प्रतिवादीने ती मान्य केली तर संघीय नियमांप्रमाणे उत्तराला २१ ऐवजी ९० दिवस मिळतात, आणि अधिकारक्षेत्राची हरकत त्याने बुडत नाही. सही करायची की नाही हे त्या देशाचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारून ठरवावे. कुरिअरने आलेले कागदही ‘हे बेकायदा आहे’ म्हणून केरात टाकू नयेत. इथे ती बजावणी ठरत नसली, तरी तिकडचा न्यायाधीश काय धरेल ते सांगता येत नाही.

परदेशी न्यायालयात हजर होताना हरकत राखूनच व्हावे. बिनशर्त हजर होऊन लढलेल्याला नंतर ‘त्या न्यायालयाला अधिकारच नव्हता’ असे म्हणणे फार जड जाते.

समन्स मिळाले, पण लढायचे कसे?

१९९१ मधला आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक विवाहित परदेशस्थाच्या घरात माहीत असायला हवा. तिरुपतीला लग्न झालेल्या जोडप्यातल्या नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, सेंट लुई काउंटीच्या न्यायालयातून घटस्फोट मिळवला आणि दुसरे लग्न केले. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूमनामा भारतात ग्राह्य मानला नाही. निकालाचा जो भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो बजावणीबद्दलचा आहे. नैसर्गिक न्याय म्हणजे नोटीस पोचवण्याचे तांत्रिक सोपस्कार पुरे करणे नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. समोरच्या व्यक्तीला खरोखर लढता आले पाहिजे. त्यासाठी गरज असेल तिथे प्रवासाचा, राहण्याचा आणि खटल्याचा खर्च अर्जदाराने द्यावा, इथपर्यंत ते गेले. साताऱ्याच्या त्या सुनेला समन्स मिळाले, पण व्हिसा नाही, तिकिटाला पैसे नाहीत, तिथला वकील नाही. तिला संधी मिळाली असे कोणी म्हणू नये, हेच त्या निकालाने सांगितले.

व्यापारी दाव्यांतही २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड वूल या कंपनीच्या प्रकरणात इंग्लंडच्या न्यायालयाचा एकतर्फी हुकूमनामा इथे अमलात आणू दिला नाही, कारण तो गुणदोषांवर दिलेला नव्हता. संहितेच्या तेराव्या कलमाची ही कसोटी ब्रिटन, सिंगापूर, अमिरात अशा परस्पर-मान्यताप्राप्त देशांच्या हुकूमनाम्यांनाही लागते. अमेरिका त्या यादीत नाही, तिथल्या निकालावर इथे नव्याने दावा लावावा लागतो.

फौजदारी तक्रार असेल तर

छळाची तक्रार पोलिसांत दिली आणि आरोपी परदेशात असेल, तर हेग करार उपयोगाचा नाही. ते समन्स केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत, फौजदारी बाबींतल्या परस्पर साहाय्याच्या करारांखाली जाते. अमेरिकेशी असा करार २००१ मध्ये झाला आणि २००५ पासून लागू आहे. मात्र तिथले सरकार कागद पोचवून देते, एवढेच. आरोपीला भारतात हजर राहायला त्याने भाग पाडता येत नाही.

ही पोकळी भरण्यासाठी फेब्रुवारी २०१९ मध्ये अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर समन्स प्रसिद्ध केले की ते बजावले असे धरावे, अशी तरतूद त्यात होती. विधेयकाचा कायदा झाला नाही. सोडून दिलेल्या बायकांच्या बाजूने केलेला तो प्रयत्न होता आणि त्यामागची तळमळ मला मान्य आहे. पण सरकारी संकेतस्थळ रोज उघडून आपले नाव शोधणारा माणूस विरळा. पुन्हा असा कायदा आणायचा असेल तर संकेतस्थळाच्या जोडीला ई-मेल, नोकरीचा पत्ता आणि इथल्या जवळच्या नातेवाइकाकडे प्रत, हे तिन्ही सक्तीचे करावे आणि ती पाठवल्याची नोंद न्यायालयाच्या रोजनाम्यात यावी.